बोडीत धुतलेला पंप

बाबा, काल सदरमधल्या एका सभागृहात मी तुमच्यावर व्याख्यान दिले. नाव घेतले नाही. विषय होता 'बहुउद्देशीय शेती आणि ग्रामविकास', आणि दृष्टांतादाखल हुडकेश्वरच्या पलीकडची आपली शेती. गळाबंद कोट चढवून आणि कंठ यथाशक्ती गंभीर करून मी प्रतिपादिले की, शेती म्हणजे केवळ धान्योत्पादन नव्हे; ती जलसंधारण आहे, पशुपालन आहे, मत्स्यसंवर्धन आहे आणि शेजारच्या घराचा चरितार्थही आहे. माझ्या वक्तृत्वाचा प्रभाव असा की, पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सुरू झालेली जांभई अर्ध्यावर आवरली. शेवटी एका तरुण अधिकाऱ्याने विचारले, "सर, व्यवस्था इतकी उत्तम होती, तर मोडली कशाने?" मी म्हणालो, "पर्जन्यमानाच्या अनियमिततेने." बाबा, पर्जन्याचा काही दोष नव्हता. ती मी मोडली. आणि त्यापायी तुम्ही ज्याचा हात मोडलात, तो माणूस निरपराध होता. तुमच्या हयातीत एवढे एक वाक्य माझ्याच्याने उच्चारले गेले नाही. पुढे मात्र वाक्ये उच्चारण्याचाच मी व्यवसाय केला.

'बहुउद्देशीय' हा शब्द तुमच्या कानावर पडला असता, तर तुम्ही विचारले असते, "हे कोनतं बियानं होय रे?" तुमच्या लेखी ती नुसती वहिवाट होती. शेताच्या उंच अंगाला आपली बोडी, म्हणजे ते लहानसे तळे. तिचे पाणी धानाला, धानाच्या बांधाला, धुऱ्यावर, तूर, तुराट्या चुलीला, काठाच्या पाळीवरचे गवत गाईंना. पाण्यातले शिंगाडे आणि मासोळ्या मात्र मासेमारी करणाऱ्या आपल्या ढिवराच्या, बटईने: अर्धे त्याचे, अर्धे आपले. उन्हाळ्यात बोडी आटली की त्याने सहकुटुंब गाळ उपसायचा, आपल्या बैलबंडीत भरायचा आणि मिरचीच्या वावरात पसरायचा. त्या श्रमापोटी पाण्यावर त्याचा हक्क. ना कागद, ना अंगठा. शिंगाडे उकडले की तुम्ही दोघे पाळीवर उकिडवे बसून सोलत असायचे. तुमचे असे मौनव्रत अन्य कुणाच्या सान्निध्यात मी पाहिले नाही.

या सुखी साम्राज्यात कृषिपदवी धारण करून अस्मादिक अवतीर्ण झाले. सोबत पाठीवरचा फवारणीचा पंप आणि औषधाचा डबा. डब्यावर कवटीचे चित्र होते. मला ते शौर्यपदक वाटले. मिरचीवरील किडीविरुद्ध मी युद्ध पुकारले तेव्हा तुम्ही एकच म्हणालात, "ते भांडं पान्याजवळ नेऊ नको." मी म्हणालो, "बाबा, हे शास्त्र आहे." शास्त्रानुसार दिवसभर फवारले. सूर्य कलला, खांदे भरून आले, विहीर दूर होती आणि बोडी जवळ. मी पंप बोडीत विसळला आणि डब्यातला उरलेला द्रवही तिथेच ओतला. पेलाभर विषाने एवढ्या जलाशयाचे काय होणार, असा माझा पदवीधर अंदाज.

सकाळी बोडी पांढरी आहे. मासोळ्या पोटे वर करून काठाशी थरावर थर साचल्या आहेत. त्या खाऊन एक बगळा मान पिळवटून चिखलात फडफडतो आहे. रात्री दावे तोडून पाण्यावर गेलेली आपली कालवड पाळीवर पाय झाडते आहे, तिच्या तोंडाला फेस आहे, आणि तुम्ही तिचे डोके मांडीवर धरून बसला आहात. ती तुमच्या मांडीवरच ताठ झाली. तुम्ही मान वर केलीत, तो समोर ढिवर कमरेइतक्या पाण्यात उभा, मेलेले मासे टोपल्यात भरतो आहे.

उन्हाळ्यात नाल्याच्या डबक्यात रानझाडाची साल ठेचून टाकायची आणि गुंगलेले मासे हाताने वेचायचे, ही त्याच्या लोकांची जुनी रीत. बोडीत तिला तुमची सक्त मनाई होती. ते टोपले पाहून तुमचा सारा न्यायनिवाडा तत्क्षणी उरकला.

"काय टाकलं बे बोडीत?"

"म्या काई नाही टाकलं जी मालक. सडतीन म्हनून काढून राहिलो."

"टोपलं भरून राहिला अन् काई नाही टाकलं म्हंते!"

बैल हाकायची तुतारी, ती टोकाला आर असलेली काठी, उचलून तुम्ही पाण्यात उतरलात. पहिला तडाखा त्याच्या पाठीवर, दुसरा कानशिलावर. टोकाच्या आरेने गाल उभा फाटला. तो काठावर चढून पळू लागला, तेव्हा तुम्ही ओरडलात, "धर रे याले!" आणि आज्ञाधारकपणाचा ज्याच्या ठायी आजन्म अभाव, त्या तुमच्या पुत्राने त्या दिवशी पितृआज्ञा तंतोतंत पाळली. मी त्याला मागून कवळ घातली. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "दादा, पंप तुमीच धुतला ना जी काल. म्या डोंग्यातून पाह्यलं. सांगा ना मालकाले." मी त्याचे तोंड दाबले. त्याने माझ्या तळव्याचा लचका तोडला. मी किंचाळलो, "चावला! बाबा, चावला!" तुम्ही दोन्ही हातांनी तुतारी उगारलीत. त्याने उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तुम्हाला आला असेल. मला तो त्याच्या अंगातून माझ्या अंगात आलेला कळला.

त्याची बायको धावत आली आणि तिने दगड भिरकावला. तुमची भुवई फुटली, डोळा रक्ताने बुजला. तिने दुसरा दगड उचलला होता, पण मारला नाही. "गाळ वाहून देला, मासोळ्या वाढवून देल्या," ती ओरडत होती, "अन् हात काहून मोडता? मरा आता, कोरडे मरा!" तुम्ही पुन्हा तुतारी उचललीत. नवऱ्याने तिला डाव्या हाताने ओढत नेले. मी तळव्याला हळद लावायला घरी गेलो.

ते कुटुंब उमरेडला कोळशाच्या खाणीकडे गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गाळ कोण उपसणार? दुसऱ्याला बोडी द्यायला तुम्ही तयार नव्हता. स्वतःच फावडे घेऊन उतरलात आणि आठ दिवसांत अंथरूण धरलेत. बोडी बेशरमाच्या झुडपांनी भरली, पाणी ओसरले, धान वाळले, गवत संपले, गाई गेल्या. एक दोरा ओढला आणि सबंध वस्त्र उसवले. व्याख्यानात यालाच 'परस्परावलंबन' म्हणतात. मी तो शब्द फार सुंदर उच्चारतो.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला जवळ बोलावलेत. "त्यानं काहून टाकलं असन रे इख? मागतल्या असत्या तं साऱ्याच मासोळ्या देल्या असत्या." मी तुमच्या ओठांना पाणी लावले आणि म्हणालो, "मनुष्यस्वभाव, बाबा."

गेल्या महिन्यात कार्यालयीन दौऱ्यावर उमरेडच्या बस स्थानकात तो मला भेटला. पांढरा झाला आहे. उजवा हात कोपरापासून वाकडाच जुळला आहे. मी ओळख लपवली, त्याने ती लपू दिली नाही.

"दादा, मालकाले सांगतलं का जी, मंग?"

"सांगितलं."

"काय म्हनले?"

"रडले," मी म्हणालो.

तो कितीतरी वेळ मान हलवत राहिला. "मी बायकोले म्हनत होतो. मालकाले मालूम झालं तं ते आल्याबिगर राह्यत नाही. मंग आले काहून नाही?"

"चालवत नव्हतं त्यांना."

"हां," तो म्हणाला. "तसं असन." आणि डाव्या हाताने माझी बॅग उचलून त्याने ती बसमध्ये चढवून दिली.

तुम्हाला आता सारे सांगून झाले, आणि तुमच्याकडे पत्र धाडण्याची सोय टपाल खात्याने अद्याप केलेली नाही. वस्तुतः हे पत्र त्याला वाचून दाखवायला हवे, एवढी बुद्धी मला आहे. त्या दिवसापासून मी तीनदा कोटाच्या खिशात या पत्राचा कच्चा खर्डा घालून उमरेडच्या एस.टी.त बसलो. तिन्ही वेळा कंडक्टरने विचारले, "कुठं जी?" आणि तिन्ही वेळा मी शहराच्या वेशीवरच्याच दिघोरीचे तिकीट काढले.