सवतीच्या घरात नवा खुबा

४ मार्च १९८४, भूगाव

आणलं शेवटी! जीपच्या मागच्या बाकावर आडवी घालून, दोन पायांत उशी कोंबून – पोत्यासारखी.

बेचाळीस साली पत्र्याची पेटी घेऊन याच घरातून निघाले होते. पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही म्हणाले होते. आज ठेवला नाहीच. चौघांनी उचलून आत नेलं.

जानेवारीत पौडला माझ्या खोलीसमोर घसरून पडले. डावा खुबा मोडला. पुण्याच्या डॉक्टरांनी मोडका काढून टाकला आणि धातूचा बसवला. सगळं झाल्यावर म्हणाले, घरी करणारं माणूस कोण आहे? कुणी नसेल तर आम्ही सोडणार नाही. तेवढ्यात वाल्मीक हजर! त्याला कुणी कळवलं देव जाणे. कागदावर रुग्णाशी नातं विचारलं होतं. त्याने बेधडक लिहिलं – आई.

मी त्याची आई नाही. त्याची आई भीमा. भीमा माझी सवत. घ्या, लिहून टाकलं.

६ मार्च

डॉक्टर पोरसवदा. मला ‘आजी’ म्हणत होता. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटावर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही. म्हणजे आपल्याकडे बाईमाणसाने जगायचंच नाही. चुलीपाशी कशी बसू? परसाकडे कशी जाऊ?

गावच्या कोंडिबा सुताराने खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलंय. खाली बादली. बादली भीमा उचलते.

तीस वर्षं सरकारी नर्स होते मी. मुळशीच्या अर्ध्या बायकांची बाळंतपणं या हातांनी केली. हजार बायकांच्या बादल्या उचलल्या असतील. आणि आता माझी ही उचलते. ही!

७ मार्च

बादली नेताना ती नाकाला पदर लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

११ मार्च

वॉकर धरून चार पावलं. चारच. टाक्यांच्या खाली कुणीतरी तापलेली सळई फिरवतंय असं वाटतं. नवा पाय माझा नाहीच. मी म्हणते चल, तो म्हणतो कोण तू?

भीमा मागे उभी. “उठा आक्का. आज दारापातुर जायाचं.”

म्हटलं, तू मला शिकवतेस? तिसऱ्या दिवशी बायकांना खाटेवरून उठवणारी मी! किती जणी रडायच्या, नर्सबाई, आज नको. मी म्हणायचे, नाटकं पुरे.

ती म्हणाली, “व्हय. मलाबी तसंच उठवलं हुतं तुमी. रडू देत नव्हता.”

वर तोंड करून बघितलं. टोमणा नव्हता. तिला टोमणे मारताच येत नाहीत. म्हणून जास्त राग येतो.

१७ मार्च

होळी. सगळे चौकात. मी आणि बादली घरात.

२२ मार्च

आज पाहुणे होते. वाल्मीक मोठ्याने सांगत होता, “थोरल्या आईचं सगळं आमीच करतुया. काय कमी पडू देत न्हाई.” पाहुणे माना डोलवत होते. हा दिवसातून एकदा दारात येतो, “कसं हाय?” म्हणतो आणि उत्तराच्या आधी जातो. ‘आमी’ म्हणे!

याला मी बाहेर काढलाय. एक्कावन्न सालचा श्रावण. तेव्हा माझी नेमणूक पिरंगुटला होती. रात्रभर अडलेली बाई आहे म्हणून सकाळी गाडी आली. कुणाची ते सांगितलं नाही. गाडी या दारात थांबली तेव्हा कळलं. हैबतराव – आमच्या दोघींचे मालक – अंगणात उभे होते. नऊ वर्षांनी तोंड बघितलं. म्हणाले, “सगुणा, मूल वाचव.” मूल. बाईचं नावही काढलं नाही.

मूल पायाळू. आधी पाय आले, मग धड. डोकं अडकलं. भीमाचा हात माझ्या मनगटात रुतलेला. एक क्षण – या वहीशिवाय कुणाला सांगणार नाही – एक क्षण हात थांबला होता माझा. मनात आलं, मूल होत नाही म्हणून मला टाकली ना? मग आता बघा. एकच क्षण! मग ओढलं. नीट ओढलं. रडला.

उंबरा न शिवण्याची माझी शपथ तेवढ्या तीन दिवसांपुरती मोडली. सरकारी काम म्हणून.

२ एप्रिल

पाडवा. भीमा पहाटेपासून चुलीपुढे. पुरणपोळ्यांचा वास घरभर. मला ताट खुर्चीवर आलं. वाल्मीक जेवला, त्याची बायको रत्ना जेवली, रत्नाचे माहेरचे जेवले. मग रत्नाने पोळ्यांचा डबा उचलून आतल्या खोलीत नेला आणि कडी घातली. दुपारी तीनला भीमा तव्याशी बसून सकाळची भाकरी खात होती. चटणीशी.

मी दारातून बघत होते. वॉकर धरून तिथवर जाता येतं आता.

खोटं का लिहू? आधी मला बरं वाटलं. म्हटलं, घे! माझी जागा घ्यायला आली होतीस ना? ही बघ जागा.

मग ताटात उरलेली माझी अर्धी पोळी दिसली. ती द्यायला हाक मारावी असं वाटलं. मारली नाही.

८ एप्रिल

आज अंगणापर्यंत. गोठ्याच्या पडवीत वळकटी दिसली, खुंटीला भीमाचं लुगडं. म्हटलं, इथे का?

“माझं हितंच आस्तंय आक्का.”

माझ्यामुळे? माझी खाट आत टाकली म्हणून?

“न्हाई न्हाई. मालक गेले तवापासनं. चार वर्सं झाली. रत्नाला घरात दाटी वाटती.”

हसत म्हणाली. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मला वाटत होतं, ही इथली मालकीण आहे. बेचाळीस वर्षं मी पौडला, पिरंगुटला, बावधनला एकटी चहा पिताना हिचा हेवा करत आले. फुकट गेला सगळा हेवा! चिडले. कुणावर ते कळलं नाही. वॉकर इतक्या जोरात आपटला की खुब्यात कळ गेली.

१५ एप्रिल

पायाला सूज. दिवसभर पडून. भीमा दोनदा मीठपाण्याने शेकून गेली. दोन्ही वेळा रत्नाची हाक – “आत्याबाई, ल्योक जेवायला बसलाय, तितं काय करताय?” हातातलं फडकं टाकून पळते. साठीची बाई पळते.

२४ एप्रिल

वॉकर सुटला. आता काठी.

भांडण काढलं आज. मीच. घरात कुणी नव्हतं. म्हटलं, तू या घरात आलीस तेव्हा तुला माहीत नव्हतं इथे एक बाई आहे?

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. “ठावं हुतं. बापानं सांगितलं, थोरली वांझ हाय, ती काय बोलायची न्हाई. मी सतरा वर्साची. मला कुनी इचारलं व्हतं का? तुमाला तरी?”

वांझ हा शब्द या घरात बेचाळीस वर्षांनी ऐकला. तिने शिवी म्हणून नाही उच्चारला. बापाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

मग म्हणाली, “तुमी पेटी घिऊन निगाला तवा मी माजघरात हुते. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. दाराच्या फटीतनं बगितलं तुमाला. यकदाबी मागं बगितलं न्हाई तुमी.”

मागे काय बघायचं होतं! रस्त्यापर्यंत डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण हे तिला नाही सांगितलं. पुन्हा सूप घेऊन बसली. मीही चार दाणे निवडले. खुर्चीवरूनच.

९ मे

काठी टेकत सडकेपर्यंत जाऊन आले. सडकेवर पुण्याच्या कुणा बंगलेवाल्याची मोटार उभी होती, जमीन बघायला आलेली. त्यातली बाई म्हणाली, “या वयात किती छान चालता!” तिला काठीच मारावीशी वाटली.

पण चालले. परत येताना चढावर दम लागला, खुबा नाही दुखला.

२० मे

पुण्याला दाखवून आले. पोरसवदा डॉक्टर खूश. पायऱ्या चढा, एकट्या राहा, फक्त मांडी घालू नका. ‘एकट्या राहा’ हे औषध मला ठाऊक आहे.

घरी येऊन सांगितलं, अठ्ठावीसला पौडला जाते.

रत्नाच्या तोंडावरचं हसू लपेना. वाल्मीक तापला. “लोक काय म्हनतील? थोरल्या आईला घालवली म्हनतील.” मी म्हटलं, थोरल्या आईला घालवायची या घराला सवय आहे. उठून गेला. बरं वाटलं! बऱ्याच दिवसांनी.

भीमा भाकरी थापत होती. एक करपली.

२८ मे

आले. पौड. स्वतःच्या खोलीत.

सकाळी भीमा एस.टी.पर्यंत पोचवायला आली. पिशवी तिच्या हातात. सडकेच्या कडेला उभ्या राहिलो. गाडी येईना. बोलायचं काय? मी म्हटलं, एवढं केलंस माझं. कशाला केलंस? वाल्मीकला हॉस्पिटलात धाडायचं तुलाच सुचलं ना?

“व्हय. दोन दिस जेवले न्हाई तवा गेला.”

कशाला पण? मी तुझी कोण?

पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “खरं सांगू आक्का? तुमाला चालती केली ती माझ्यासाटी. या घरातनं बाई सोताच्या पायानं भाईर कशी जाती, त्ये मला जवळनं बगायचं हुतं. पयल्या टायमाला फटीतनंच दिसलं.”

गाडी आली. पायरी उंच. काठी आधी, मग चांगला पाय, मग नवा. तो उचलेना. भीमाने मागून कमरेला हात लावून वर ढकललं. कंडक्टरने घंटी मारली.

खिडकीत बसले. या वेळी मागे बघितलं. ती तिथेच उभी होती. हात बित काही हलवला नाही. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. नुसती बघत होती.

२९ मे

सुटले! कुणाची हाक नाही, कुणाचे उपकार नाहीत. स्टोव्ह उंचावर ठेवून घेतला, उभ्याने स्वयंपाक. बादली शेजारची बाई नेते, पैसे ठरवलेत. सगळं मनासारखं.

भात कच्चा राहिला.

३१ मे

दोन जुन्या बाळंतिणी भेटायला आल्या. “नर्सबाई, तुमचं कोन करतं आता?” म्हटलं, कुणी नाही. त्यांनी कणव केली. कणव मला कधी खपली नाही. लवकर वाटेला लावलं.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. एक्कावन्न साली तो एक क्षण हात थांबला होता. त्या दिवशी, एस.टी.च्या पायरीवर, भीमा खाली उभी असताना पुन्हा थांबला. तेव्हा ओढलं तरी होतं.

१ जून

पाय दुखतो. नवा नाही, चांगला.

३ जून

सकाळची पहिली गाडी पकडली, पुण्याकडची. भूगावला उतरले. काठी टेकत एकटी चढ चढले. अंगणात उभी राहिले. रत्ना बाहेर आली, बघतच राहिली. “काय ऱ्हायलं व्हय आत्याबाई?”

म्हटलं, हो. भीमा राहिली.

आता दुपारचे तीन, पौडची खोली. ती माझ्या खाटेवर झोपली आहे – भरदिवसा, पाय पसरून. मी खुर्चीवर. उठवलेलं नाही.