घोंग्यांची भाजी

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते आणि हात थांबला नव्हता, हे आधीच सांगते. आपल्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या शाळेत मी सहावीत होते. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या डब्याचं झाकण दोन बोटांनी उचललं. आत तलावातल्या खेकड्यांचा रस्सा आणि भात. आईनं पहाटे पाण्यात उतरून धरलेले खेकडे. तुम्ही डबा वर्गाला फिरवून दाखवलात आणि म्हणालात, "चिनी आहेस का गं तू? सरपटणारं सगळं खाणारे ते. नाहीतर गोरे लोक बघा, कसे स्वच्छ, टेबलावर, काट्या-चमच्यानं खातात." मग मला डबा घेऊन बोअरिंगच्या हातपंपावर पाठवलंत, रस्सा ओतायला लावलंत आणि दुपारभर व्हरांड्यात बसवलंत. दहावीपर्यंत माझं नाव चिनीच होतं. पोरांचं सोडा, हजेरी घेताना तुम्हीही कधी कधी तेच म्हणायचात. दुसऱ्या दिवसापासून मी डब्यात नुसता भात नेला. आई विचारायची, "काऊन वो, खेकडे कायले नाई पायजे?" मी म्हणायचे, आवडत नाहीत. ती मरेपर्यंत तेच खरं समजत होती. ते खोटं मी तुमच्या नावावर धरते.

आता मी कामठ्याकडच्या एका राइस मिलच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाक करते. तिथला मॅनेजर तुमचा मुलगा. त्यानं मला ओळखलेलं नाही, मी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. या हिवाळ्यात दोन मशीन बसवायला दोन पाहुणे आले. काळा दाणा वेचणाऱ्या मशीनसाठी चीनची एक बाई आणि धान वाळवणाऱ्या मशीनसाठी फ्रान्सचा एक इंजिनिअर. दोघं आपापल्या भाषेत मोबाईलमध्ये बोलायची आणि मोबाईल ते एकमेकांच्या भाषेत, आणि आमच्यासाठी हिंदीत सांगायचा. बाईनं पहिल्या दिवशी हौसेनं माझ्या चुलीवर नूडल्स केले. इंजिनिअरनं ताट बाजूला सरकवलं. म्हणे, चिनी जेवणात चवीला घालतात त्या पांढऱ्या पावडरीनं डोकं दुखतं. ती उठली, तो रोज खातो त्या चिप्सच्या पुड्यामागची बारीक अक्षरं त्याच्या नाकासमोर धरली. तीच पावडर! त्याचे कान लाल झाले. मग त्यानं डब्यातलं चीज काढलं तर हिनं मफलरनं नाक झाकलं. सडलेलं दूध आणि रक्ताळलेलं कच्चं मांस, तुम्ही लोक एवढंच खाता, असं मोबाईलनं सांगितलं. तीन दिवस दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवली. तुमचा गोरा माणूस, गुरुजी, आणि तुमची चिनी बाई. मी वाढता वाढता दोघांचं ऐकत होते आणि मला तुमचाच आवाज ऐकू येत होता, दोन्हीकडून.

चौथ्या दिवशी मी तलावावर गेले. घोंगे आणले, शाळेच्या पुस्तकात ज्यांना गोगलगायी म्हणतात ते. उकळले, काट्यानं मांस काढलं, राखेनं चोळून धुतलं, लसूण-तिखटात परतलं. तुमचा मुलगा पाहुण्यांसोबत जेवायला बसणार हे मला ठाऊक होतं. त्यानं भांड्यात पाहिलं आणि ओरडला, "हे काय घाणेरडं? पाहुण्यांना हे घालून राहिली का? कामावरून जाशील!" तेवढ्यात त्या गोऱ्यानं एक उचलून तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. मोबाईल बोलला, आमच्याकडे हे सणाला करतात, लोणी-लसूण घालून, पाहुण्यांसाठी खास. बाईनं मोबाईल तोंडाशी धरला. तुम्हीसुद्धा खाता? मला वाटायचं आम्हीच. त्यानं भांडं तिच्याकडे सरकवलं, आणि दोघं चार दिवसांत पहिल्यांदा समोरासमोर बसली.

मी डाव घेऊन तुमच्या मुलाजवळ गेले. तो कोहमाऱ्याच्या ढाब्यावर कोंबडी खातो, त्यामुळे सोवळ्याची सबब नव्हती. म्हटलं, "साहेब, तुम्ही बी घ्या न. फ्रान्सचे लोक खाऊन राहिले, काट्या-चमच्यानं." दोघं पाहुणे कौतुकानं त्याच्याकडे बघत होते. त्यानं खाल्लं. घशाखाली उतरताना त्याचा चेहरा तुमच्यासारखा दिसला. मी पुन्हा वाढलं. तोही घास त्यानं संपवला, मग बेसिनकडे गेला, आणि मी दारात उभी राहून नळाचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. मला वाईट वाटलं असं लिहिणार नाही. नाही वाटलं. त्या दुपारी आईनं बघायला हवं होतं, तिच्या लेकीच्या हातची भाजी ती दोघं कशी पुसून खात होती.

हे पत्र तुमच्या मुलाच्या टेबलावर ठेवावं असं मनात आलं होतं. ठेवणार नाही. एक गोष्ट अशी आहे की ती त्याला कळलेली मला चालणार नाही, आणि तुम्हालाही नाही, पण तुम्ही मेलेले आहात. ती चिनी बाई यायची होती त्या सकाळी, तुमचं 'सगळं खाणारे ते' आठवून, मी अंगणातलं माझं कुत्रं आत नेलं आणि बाहेरून कडी लावली.