सात गेल्या, सहा आल्या

४ नोव्हेंबर

दीपगृहाचा दिवा आता आपोआप लागतो. तरी सवयीनं साडेपाचला जिने चढून गेलो आणि उगाच काच पुसून आलो. मुख्य कार्यालयाचं पत्र आलंय — जुन्या नोंदवह्या महिनाअखेर खोक्यांत भरून पाठवा, मग तुम्ही मोकळे. मोकळं होऊन करायचं काय, ते पत्रात नाही.

त्यात मच्छीमार सोसायटीचे चेअरमन घरी आले. नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. "तुमचं अक्षर चांगलं आहे, वेळही आहे." म्हणजे रिकामटेकडा आहे. हो म्हणालो.

७ नोव्हेंबर

चेअरमननी मुद्दे लिहून दिलेत. गाव कधी वसलं, पहिली मोठी होडी कुणाची, बर्फाचा कारखाना. एक ओळ अशी — "तापाच्या साथीच्या वर्षी मासेमारी दोन महिने पूर्ण बंद होती." त्या वर्षी मी दोन वर्षांचा होतो. आई साथीत गेली. तिच्या धाकट्या बहिणीनं, मावशीनं, मला वाढवलं. त्यापायी स्वतः लग्न केलं नाही. आजही आमच्याकडेच असते.

८ नोव्हेंबर

पाठ धरली. काही लिहिलं नाही.

११ नोव्हेंबर

साथीच्या वर्षाची नोंदवही सापडली. तेव्हाचा दिवेकरी कोरडा माणूस असावा. रोज एकच ओळ — वारा, लाटा, होड्या. पण होड्या बंद नाहीत! "गेल्या ७, आल्या ७." साथ ऐन जोरात, तरी रोज तेच.

जाळीवाल्या काकांना विचारलं. आता ऐंशीच्या पुढे, तेव्हा ऐन तारुण्यात होते. "कोण जाणार? आम्हाला पाणी प्यायला उठवत नव्हतं." मग सात होड्या? "दिवेकरी वर एकटा बसून घेत असेल थोडी." हसले. पण जाळं विणणारा हात मात्र थांबला होता.

१२ नोव्हेंबर

बाजारात कोळंबीआजीला तोच प्रश्न टाकला. ती काकांच्याच वयाची, दात एकही नाही, आवाज मात्र खणखणीत. "आम्ही जात होतो. आणखी कोण? पुरुष सगळे आडवे. पोरांना काय वाळू खायला घालायची?" एकेका होडीत तीन-चार बायका. पहिल्या दिवशी म्हणे निम्म्या जणी ओकल्या आणि उरलेल्या त्यांना हसल्या. तीन आठवडे गेल्या.

हे साठ वर्षांत कुणी बोललं कसं नाही? "ठरलं होतं," एवढंच म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

१५ नोव्हेंबर

पुढची पानं वाचली. बाविसावा दिवस — "गेल्या ७, आल्या ६. खाडीच्या तोंडाशी लाट मोठी." दुसऱ्या दिवसापासून "होड्या गेल्या नाहीत."

पुन्हा आजीकडे गेलो. कुणाची होडी? तिनं तराजू खाली ठेवला. "ते घरी विचार बाबा."

१६ नोव्हेंबर

मावशी मटार सोलत बसली होती. वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नाही, म्हणून ओळ वाचून दाखवली. हातातली शेंग तिनं सोलून संपवली.

"ताई होती त्या होडीत. ताई आणि आणखी दोघी."

ताई म्हणजे माझी आई.

मग तापानं गेली असं का सांगितलं? "पुरुष बरे झाले, त्यांची बैठक बसली. आपण पडून राहिलो आणि बायका बुडाल्या, हे कोणत्या तोंडानं सांगणार? साथीत गेल्या असं ठरलं. बायकांनी पुन्हा वल्ह्याला हात लावायचा नाही, हेही ठरलं." आणि बाबा? "तो बैठकीत एक शब्द बोलला नाही. पुढेही कधी नाही."

साठीला आलो आणि आईचं मरण बदललं. चौतीस वर्षं मी त्याच पाण्यावर दिवा लावत होतो. बायकोला सांगितलं. ती मावशीजवळ जाऊन बसली आणि मटार सोलू लागली.

२१ नोव्हेंबर

साथीचं पान लिहून चेअरमनना दिलं. दोनदा वाचलं त्यांनी. "माझे वडील होते त्या बैठकीत." माहीत आहे म्हणालो. "छापायलाच हवं का?" नको असेल तर पुस्तिका दुसऱ्याकडून लिहून घ्या, म्हणालो. आवाज चढला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

२४ नोव्हेंबर

चेअरमन स्वतः आले. चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आईला विचारलं. म्हणाली, तिसऱ्या होडीत मी होते. आणि आम्हाला जन्मभर सांगत आली की पाण्याची भीती वाटते." हसले, डोळे पुसले. पान छापायचं. तिघींची नावं सगळ्यात आधी.

२५ नोव्हेंबर

खोकी भरली. साथीच्या वर्षाची वही ठेवून घेतली आहे. मागितली तर बघू.

२७ नोव्हेंबर

छापायला देण्याआधी मावशीला सगळं वाचून दाखवलं. "सुकाणूवर माझी आई होती" या वाक्यावर तिनं हात वर केला. आई थोरली, म्हणून मीच तसं धरून चाललो होतो.

"सुकाणूवर मी होते," ती म्हणाली. "ताई सांगत होती, थांब, ही लाट जाऊ दे. मी थांबले नाही. पोहत परत आले ती मी एकटीच."

का थांबली नाहीस, विचारलं.

"तू घरी तापानं फणफणला होतास. मला घाई झाली."

मी पेन खाली ठेवलं. तिनं ते उचलून माझ्या हातात दिलं. "लिही," म्हणाली.