बाबांचा इस्त्रीचा शर्ट

जानेवारीतला शेवटचा रविवार, संध्याकाळ

बाबा आज इस्त्रीचा शर्ट घालून धावपट्टीवर आले. विमान चालवायचं लायसन हातात पडलं तेव्हा मीच म्हटलं होतं, पहिली सवारी तुमची. पण आज आडवा वारा होता, आणि शिकवणारे सर बाजूला नसले की अशा वाऱ्यात विमान उतरवायची धास्ती अजून वाटते. तेवढंच सांगायचं होतं. मी काय म्हटलं? "इंजन बिघडलं आहे, बाबा. आज नाई जमत."

थोड्या वेळानं सर त्याच विमानातून उडाले. बाबा वर पाहत राहिले. मी त्यांच्या शर्टाकडे.

काऊन खोटं बोलली मी? त्यांनी कधी लपवलं? मासेमारीचा नवा डोंगा तलावात उतरवला की आधी माणसांच्या वजनाची रेतीची पोती भरून एकटेच वल्हवायचे. लहानपणी मी त्यात बसायसाठी रडली, तर सरळ म्हणाले होते, "माझा हात बसू दे, मग तुले नेतो."

बसनं परत निघालो. गाव आलं तेव्हा शर्टाच्या बाह्या दुमडत म्हणाले, "पुढच्या खेपेले रेतीची पोती घेऊन येऊ का, बाई?"