आभाळाकडे धरलेला पेला

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

वही उघडून तीन आठवडे झाले. रोज म्हणते आज लिहू, रोज काहीतरी निघतं. पहिलं पान इथे येताना बसमध्ये लिहिलेलं – 'या गावात महिनाभरही टिकणार नाही.' टिकलेय! पाचवा महिना. शाळेतही सलग इतकी टिकले नव्हते.

काम तेच. धावपट्टीवरची गाढवं हाकलायची, पिंपातलं पेट्रोल हातपंपाने विमानांत भरायचं. धावपट्टी म्मा बोगात्सूच्या ताब्यात. पिंपं आडवीच ठेवायची, हा तिचा हट्ट. एक मी उभं केलंय – त्यावर चढलं की फोनला रेंज येते. तिला दिसलं की सुरू – "गोसेगो, तुला पिंपं सांभाळायला ठेवलंय की त्यावर नाचायला?"

सकाळी रा सेलेलो आले – बाईला म्हणायचं म्मा, पुरुषाला रा. म्हातारे, गुरांचे मालक, छोटं विमान स्वतःचं, चालवतातही स्वतः. या धुळीत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट! आमचा ट्रकवाला टिरो म्हणाला, "म्हातारबुवा गुरं बघायला निघालेत की नवरी?"

एरवी तपासणी ते स्वतःच करतात. पंखाखाली वाकून तोटीतून थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात घेतात, बाहीजवळ धरून बघत बसतात. विमानाचं पेट्रोल निळं. पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं, मध्ये रेघ दिसते. बघून झालं की पेला जमिनीवर ओततात आणि म्हणतात, "हे आजोबांना." आजोबांनी विमान कधी पाहिलं होतं का कोण जाणे!

आज गुडघा धरला होता. "मुली, आज तूच बघ. मी वाकलो तर उठवायला बैल जुंपावा लागेल."

डाव्या टाकीत तासाभराचं होतं. उजवी जवळजवळ कोरडी, ती मी भरली. गाळायचं चामडं फाटलंय म्हणून नरसाळ्यात फडकं लावलं. पेला भरून आभाळाकडे धरला. निळंशार, रेघ नाही. ओरडले, "स्वच्छ आहे, रा!" ते आत बसून माझ्याकडेच बघत होते. मीही ओतलं – आजोबांना.

गेले. दक्षिणेला, आपल्या गुरांकडे. रविवारी परत येणार.

टिरोने तळलेल्या मोपानी अळ्या आणल्या होत्या. मीठ जास्त. तरी सगळ्या मीच संपवल्या.

शनिवार, १४ – सकाळ

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आत्ता पाण्याची बाटली तोंडाला लावली, मान वर केली. पारदर्शक बाटली, मागे आभाळ – निळी दिसली. आत पाणी – आणि निळं!

पळत त्या उभ्या पिंपाकडे गेले – काल त्यातूनच भरलं होतं. परवाच्या वादळाचं पाणी झाकणावर अजून साचलेलं, बूच त्यात बुडालेलं. पिंप गार झालं की बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढून घेतं. म्माने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा गाढवाचं पिल्लू बघत होते.

पंपाची नळी तळापर्यंत जाते. पंपाचा दांडा चारदा फिरवला, पांढऱ्या वाडग्यात घेतलं. रंगच नाही. तळहातावर ओतलं. पेट्रोल लगेच उडून जातं, हात गार करतं. हे तसंच बसून राहिलं.

सगळा पेलाच पाण्याचा असेल तर रेघ दिसणार कुठून? चामडं असतं तर पाणी वरच अडलं असतं. फडक्यातून सगळं गेलं.

पांढरी बाही. नवरी कसली!

शनिवार – दुपार

अजून सांगितलं नाही. तीनदा म्माच्या दारापर्यंत गेले. एकदा तिनेच विचारलं, "काय गं, पोट दुखतंय का?" मी हो म्हणाले.

सारखा एकच हिशेब डोक्यात. तासभर डावी टाकी, मग उजवी. गुरांची जागा दीड तासावर. म्हणजे इंजिन बंद पडलं असेल तिथे खाली रस्तासुद्धा नाही. ते न कळवता जातात – तिथे कोणी वाट बघत नाही. इथे रविवारपर्यंत कोणी बघणार नाही. ते हरवलेत हे जगात फक्त मला माहीत आहे.

दोनला बस आहे. पिशवी भरलीय. खोटं कशाला लिहू – खरंच भरलीय.

शनिवार – पाच वाजता

बस गेली. मी नाही गेले. सांगितलं.

म्मा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "पेला कशासमोर धरलास?"

"आभाळासमोर."

"आभाळासमोर," ती म्हणाली आणि खाली बसली. मग उठून पोलिसांना फोन केला. विमानं उद्या उजाडताच निघतील. टिरो ट्रक घेऊन आत्ताच निघाला. आज एकही विनोद नाही. मागे गादी टाकली त्याने. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

रविवार, १५ – सकाळी सात

पोलिसांच्या रेडिओवर टिरोचा निरोप. गुरांकडे विमान पोचलंच नाही.

रविवार – दहा

शोधायला दोन विमानं गेली. भरताना मी मागे उभी होते. म्माने पेला माझ्याच हातात कोंबला. "तूच बघ. आणि नीट बघ." पांढरी ताटली मागे धरली. वास घेतला. तळहातावर ओतलं. प्रत्येक तोटी, तीन-तीनदा.

"झालं का, बाई?" पायलट वैतागला.

"नाही झालं."

फक्त आभाळाकडे बघतेय. आज ते फारच निळं आहे.

रविवार – साडेबारा

आम्ही सगळे वर बघत होतो. एक अनोळखी ट्रक मागून आला, रस्त्याने – बैलांनी भरलेला. पुढच्या सीटवरून रा सेलेलो उतरले! लंगडत. अंगभर माती.

म्माला म्हणाले, "डावी संपत आली तसा हात उजव्या टाकीच्या खटक्यावर गेला. आणि डोळ्यांसमोर ही आली – आभाळाकडे पेला धरून उभी! हात मागे घेतला. खाली कोरडं तळं होतं, तिथेच उतरवलं. दोन दिवस चालून रस्ता गाठला, तिथे हा ट्रक भेटला, बाई. चहा टाक."

मग माझ्याकडे आले. मला वाटलं, मारणार. पण एक घडी केलेलं पांढरं फडकं माझ्या हातात ठेवलं.

त्यांच्या शर्टाची डावी बाही कोपरापासून कापलेली आहे.