कानातलं पाणी

आई, अमरावतीच्या स्कॅन सेंटरमध्ये मी नेमकं काय काम करते, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी शिकतच होते. पेशंटच्या हाताच्या शिरेतून एक औषध द्यायचं, चार तास बसवून ठेवायचं आणि मग कानाचा एमआरआय काढायचा. आतल्या कानात दोन तऱ्हेचं पाणी असतं, मधे पातळ पडदा. औषध उतरतं ते पाणी पांढरं दिसतं, दुसरं काळंच राहतं. त्या काळ्याच्या कडा मी एकेका चित्रावर माउसने आखते आणि कॉम्प्युटर सगळं जोडून ते किती आहे सांगतो. थेंबभरसुद्धा भरत नाही गं. पण वाढलं, की माणसाचं जग गरगर फिरतं.

अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर. शाळेत मला बक्षीस मिळणार होतं त्या सकाळी तू ओट्याला टेकून खाली बसली आहेस, डोळे मिटून. "पोरी, घर फिरून राह्यलं. कानात चक्की चालू हाये." डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलेलं, आत्या म्हणायची, कामाचा कंटाळा. आणि चौदा वर्षांची मी ओरडले, "माह्याच दिवशी काहून येते तुले चक्कर? नाटकं नको करू!" तू ओटा धरून उठलीस. तोंड धुतलंस, केस बांधलेस, माझा खांदा धरून शाळेपर्यंत आलीस. मी बक्षीस घेतलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्या नाहीस. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसली होतीस. मला त्याचाही राग आला.

गेल्या आठवड्यात परतवाड्याच्या एक बाई आल्या होत्या. आमच्या डॉक्टरांनी त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांच्या कानातला तो काळा फुगवटा दाखवला. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "पाहा आता. मी खोटी नोती बोलत." नवरा खाली मान घालून उभा. मलाही वर बघवेना.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून कबूल करते. तुझा कान कोणी तपासलाच नव्हता. तुला हाच आजार होता, हे मीच ठरवलंय. तुझ्या शब्दावर माझा विश्वास बसला तो गेल्या आठवड्यात, आणि तोही दुसऱ्याच बाईचं चित्र पाहून.