खोताचं कूळ, स्कॉटलंडचं

रास तनुरा, सौदी अरेबिया

ती. बाबाजीमामांस विश्वनाथचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार उभ्यानेच घडला आहे, कॅम्पातल्या दुमजली खाटांमध्ये आठही अंगं टेकायला जागा नाही.) तुमचा गुडघा आता वळत असेल. मामीच्या बोलण्याला उतार पडला नसेलच.

आधी आनंदाची बातमी. सुट्टी मिळाली, किशोरीच्या लग्नात तिचा भाऊ उभा राहणार. रिफायनरी बंद ठेवून करायचं शटडाऊनचं काम संपेपर्यंत कोणी हलायचं नाही असा हुकूम होता आणि माझा अर्ज साहेबांकडे पडून होता. आई फोनवर नुसती हुंदके द्यायची, मी इकडे वाळूकडे बघत "हो, हो" म्हणायचो.

आमचे साहेब मॅकरोनन, स्कॉटलंडचे. (मेसमध्ये पाठीमागे मॅकरोनी.) परवा चहाला त्यांनी मला विचारलं, तुझा क्लॅन कोणता? मला वाटलं वेल्डिंगच्या रॉडबद्दल विचारतायत. शेजारी दापोलीचा मुआज होता. तो म्हणाला, "अरे, तुजा कूळ विचारताय तो." त्यात लपवायचं काय? मी सांगितलं, आम्ही खोतांचे कूळ. मुआजने त्याचं इंग्रजी केलं (त्याचं इंग्रजी म्हणजे उतारावरची बिनब्रेकची सायकल) आणि साहेब उठून माझा हात हलवू लागले. खोत म्हणजे जमीनदार, म्हणजे मी जमीनदाराच्या घराण्यातला. घराण्यातलं लग्न चुकवू नये म्हणत त्यांनी तिथल्या तिथे सही केली, वर शुक्रवारी जेवायला बोलावलं.

शुक्रवारी गेलो, तर त्यांच्या भिंतीवर गढीचा फोटो होता. त्याखाली बसून मॅकरोनन खोतांचा सगळा इतिहास ऐकला. बंडाच्या वेळी खोताने एक मुलगा राजाकडे धाडला, दुसरा बंडखोरांकडे. कोणीही जिंको, जमीन घरातच. पुढे मेंढरांत जास्त फायदा दिसला तेव्हा माणसं हाकलून मेंढरं ठेवली. शेवटी छपरावर कर बसतो म्हणून गढीचं छप्परच उतरवलं. (घरपट्टी चुकवायची अक्कल सगळीकडे सारखीच.)

सुट्टी भलत्याच कुळाला मिळाली होती. शेवटी म्हणालो, साहेब, आमच्यात कूळ म्हणजे घराणं आणि खोताची जमीन कसणारा तोही कूळच. आम्ही दुसऱ्यातले. सही फाडायची तर फाडा.

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, मीही दुसऱ्यातलाच. तिकडे खोताच्या जमिनीवर राहणारेही खोताचंच आडनाव लावीत. मेंढरांसाठी हाकललेल्यांत त्यांचे खापरपणजोबा होते. फोटोही रस्त्यावरून काढलेला. सही तशीच राहिली. मामा, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. मग कूळकायदा सांगितला, तर "कसेल त्याची जमीन" त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

घरात सर्वांना ज्याला जसे लागू तसे नमस्कार-आशीर्वाद सांगावे.

आपला भाचा,
विश्वनाथ

ता.क. मॅकसाहेब लग्नाला येत आहेत. मामीला सांगा, ते आमटीत साखर घालतील, बघू नये.

ता.क. दुसरा. खरं काम हेच. त्यांची उतरायची सोय आपल्या हरिहर खोतांकडे करा. साहेबांनी जन्मात कुठल्या खोताचं घर आतून पाहिलेलं नाही, आणि आपल्यालाही अजून अंगणातच बाकडं मिळतं. खोतांना सांगा, स्कॉटलंडचे मोठे खोत येतायत, माजघरात पान मांडा. खरं अजिबात सांगू नका. साहेबांना मराठी येत नाही, तेव्हा शेजारी मी लागेनच. दुभाष्याला अंगणात बसवत नाहीत.